बांधावरची सरकारी खूण

टेलिफोन खात्यातला लाइनमन पुंजाराम जालन्यात निवृत्त झाला, तेव्हा लोकांना वाटलं, आता माणूस निवांत घरी बसेल. कसला बसतोय! तीस वर्षं खांबामागून खांब गाठलेले पाय ते. त्यात २००३ साली पुण्याच्या लेकानं त्याला हातात मावणारं जीपीएस यंत्र दिलं आणि सायबर कॅफेत नेऊन एक वेबसाइट दाखवली. जगभरातली माणसं म्हणे कुठंकुठं डब्या लपवतात, दुसरी माणसं त्या यंत्रानं हुडकतात आणि सापडली की तिथं नोंद करतात. आता जालना जिल्ह्यात कोण कशाला डबी लपवील? पण त्यातली काही मंडळी मोजणीच्या जुन्या सरकारी खुणाही शोधत होती. पुंजारामचा जीव त्यावर जडला.

रद्दीवाल्या मूलचंदशेठच्या दुकानात त्याला साहेबाच्या काळातलं एक चोपडं सापडलं. जमिनीची उंची मोजून सरकारनं कुठल्या रस्त्याला, कितव्या मैलावर दगडात चौकोन कोरून ठेवलाय, याची त्यात यादी होती. मंग काय विचारता! एक खूण पुलाच्या कमानीखाली निघाली, तर गडी कमरेला दोर बांधून लोंबकळला. एक बारवेच्या पायरीवर, तर पाणी उतरेपर्यंत मे महिन्याची वाट बघत बसला. बायको कांताबाई म्हणायची, "लोकं म्हातारपणी देव हुडकतात, आमचे हे दगड हुडकून राह्यलेत."

अशा तेरा खुणा झाल्या. चौदावी राजूरच्या अलीकडची. मैलाच्या दगडापासून उत्तरेला दोन फर्लांग, विहिरीच्या पूर्वेला, असं चोपड्यात लिहिलेलं. पुंजाराम यंत्र बघत, पावलं मोजत चालला आणि मान वर करून बघतो, तर स्वतःच्याच शिवारात! समोर बांधावर चुना फासलेला, टोपल्याएवढा तो दगड.

या दगडापायी धाकट्या भावाशी, भुजंगाशी, त्यानं अठरा वर्षं अबोला धरला होता. चौऱ्याऐंशी साली वाटणी झाली तेव्हा बापानं स्वतः पावलं टाकली होती. पुंजारामच्या विहिरीपासून दगडापर्यंत साठ पावलं, अलीकडं पुंजारामचं, पलीकडं भुजंगाचं. पुढच्या वर्षी पुंजारामनं मोजली तर अठ्ठावन्न भरली. दगड सरकवला म्हणून त्यानं भुजंगाला चारचौघांत चोर म्हटलं. भुजंगानं राजूरच्या गणपतीच्या पायाला हात लावून शपथ घेतली, तरी यानं ऐकलं नाही. पुतणीच्या लग्नात अक्षता टाकायलासुद्धा गेला नाही. शेत बटईनं, अर्ध्या वाट्यावर कसायला दिलं आणि इकडं फिरकायचंच सोडलं.

आज मात्र त्याला हुरूप आला. खुरपं काढून त्यानं चुना खरवडला. खाली चौकोन! 'सरकारी खूण हलवली? आता सापडला बेटा,' असं म्हणत तो दगडाचं बूड बघायला माती उकरू लागला. वीतभर उकरलं, हातभर उकरलं, बूड लागेना. बाजूनं उकरलं तर दगड रुंदच होत चालला. तो सुटा दगड नव्हताच, जमिनीतून वर आलेलं खडकाचं टोक होतं ते. गावच्या साऱ्या बैलजोड्या लावल्या असत्या तरी तसूभर हललं नसतं.

मंग ती दोन पावलं गेली कुठं? बाप ठेंगणा होता. त्याचं पाऊल आखूड, पुंजारामचं लांब. जिल्हाभर मापं घेत हिंडणाऱ्या माणसाला हे एवढंसं उमगायला अठरा वर्षं लागली. लाजेनं त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला.

"काय हुडकून राह्यला, दादा?"

भुजंग पलीकडं उभा होता. केस पार पांढरे झालेले. पुंजारामनं हात जोडले. "भुजंगा, हा खडक हाय रे. तू न्हाई सरकवला. माझं चुकलं, बिलकुल चुकलं."

भुजंगानं पुढं होऊन ते जोडलेले हात धरले. "हात नको जोडू. वाटणीनंतर तुम्ही सगळे अंगारकीला राजूरला गेल्ते. तव्हा मी पहार घेऊन आल्तो. दोन हात जमीन जास्ती यावी म्हणून. दुपारपस्तोर मारली. पहार वाकली, ह्यो न्हाई हलला. मंग उकरलेली माती परत लोटून दिली."

"अन् शपथ?"

"शपथ खरीच व्हती की. सरकवला कुठं मी?"

"मंग तव्हाच उकरून का न्हाई दाखवलं?"

भुजंगानं खाली बोट दाखवलं. खडकाच्या अंगावर पहारीचे सातआठ टवके होते. "हे दिसले असते. तू खोटा आळ घेतला म्हणून राग यायचा, दादा. अन् आळ काही पुरता खोटा न्हाई म्हणून लाज वाटायची. त्यातच गेली सारी वर्षं."

पुंजारामचं डोकं सणकलं. शिवी अगदी ओठांवर आली. लहानपणी हाणायचा तसा त्यानं भुजंगाच्या पाठीत एक सणसणीत धपाटा हाणला. मंग हात तिथंच पाठीवर ठेवून तो बांधावर बसला आणि त्याला रडू आवरेना.