हॉलिसच्या खिशातली बरगडी

हॉलिस गेला, आणि त्याच्या नदीवरच्या जाकिटाच्या खिशात बोटभर लांबीचं काळं हाड निघालं. त्याच्या बायकोने, व्हर्नाने, ते उशाशी ठेवलं. हिवाळ्यातला एकेक शनिवार हा माणूस जुनी हाडं शोधत पीस नदीत चाळणी घेऊन उभा असायचा. "एक दिवस मॅमथचं हाड आणून तुझ्या हातात ठेवतो बघ," म्हणायचा. "ठेव, लाटणं करीन त्याचं," ती म्हणायची. आता तेच बोलणं तिला खात होतं. हेच ते हाड असलं तर निदान बिचाऱ्याची हौस फिटली म्हणायची, एवढंच तिला कळायला हवं होतं.

म्हणून ती चर्चमागच्या हॉलमध्ये जीवाश्मवेड्यांच्या बैठकीला गेली. टेबलावर उकडलेल्या शेंगांचं पातेलं, आणि त्याला खेटूनच दात-हाडांचा पसारा. हॉलिसचा चाळणीवरचा जोडीदार ऑरिन याने हाड घेऊन सरळ स्वतःच्या दातावर वाजवलं.

"शी! ऑरिन, अरे!"

"खणखणीत आहे. म्हणजे दगड झालंय, कालच्या गाईचं नाही." मग त्याने भिंगातून मोडकं टोक बघितलं. "आत जाळी नाही, भरीव आहे. समुद्रगाईची बरगडी, त्या पाण्यातल्या प्राण्याची. असली आम्ही ढिगाने परत नदीत फेकतो गं."

व्हर्नाचं तोंड एवढंसं झालं. "म्हणजे काहीच नाही?"

पण ऑरिनचा अंगठा हाडावर थबकला होता. तिथे एक गुळगुळीत खळगा होता.

"हे नदीचं काम नाही, हाताचं आहे. अगं, हे तर मी ओळखतो! नव्या माणसाला सापडलेलं पहिलं हाड आम्ही कधी फेकत नाही, कितीही फालतू असो. हे हॉलिसचं नाहीच, व्हर्ना. तुझं आहे."

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात ती एकदाच गेली होती. पाणी कमरेपर्यंत आणि बर्फासारखं गार. एक बूट चिखलाने गिळला, त्यात भर म्हणून मगर दिसली, तशी चाळणी टाकून ती जी घरी आली ती आलीच. त्याआधी काहीतरी उचलून त्याला दाखवलं होतं खरं.

"पाण्यात उतरताना चाचपायचा हे," ऑरिन म्हणाला. "म्हणायचा, येईल मालकीण एखाद्या शनिवारी."

"मला पुन्हा विचारलं नाही रे कधी त्याने."

"तू नाही म्हणशील म्हणून भ्यायचा."

ती नाहीच म्हणाली असती, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने त्या खळग्यात आपला अंगठा ठेवला. हॉलिसचा अंगठा मोठा होता. चहूबाजूंनी जागा उरली. तो आत्ता इथे हवा होता, या क्षणी, दुसरं काही नको होतं तिला.

"शनिवारी पाणी गार असेल?" तिने विचारलं.

"असतंच."

"किती वाजता निघता?"