ज्योतीरामचा नवा जबडा

ज्योतीराम निघोज्याजवळच्या कंपनीत फोर्कलिफ्ट चालवायचा आणि चालवता चालवता पेंगायचा. त्याला आळशी म्हणाल तर पाप लागेल. जबडा जन्मतःच आखूड, त्यामुळे झोपेत जीभ मागे पडून श्वास अडायचा. घोरणं तर असं, की कासारवाडीतले शेजारी त्याच्या रात्रपाळीची वाट बघत. बायको, पूनम, मात्र घोरणं थांबलं की घाबरायची. पुढचा श्वास येईपर्यंत बिचारीचा जीव टांगणीला.

एकदा कामावर डुलकी लागली आणि मालाचा रॅक आडवा झाला. माणसं वाचली, पण सेफ्टीच्या जयमाला मॅडमनी फोर्कलिफ्टची चावी काढून घेतली आणि त्याला पॅकिंगला बसवलं. गाडी म्हणजे त्याचा जीव की प्राण. झोपेत लावायचं हवेचं मशीन तो झोपेतच उपटून फेकायचा. अखेर डॉक्टरांनी दोन्ही जबडे कापून पुढे सरकवले. कित्येक आठवडे पूनमने त्याला पिठलं-भाकरी मिक्सरमधून काढून पाजली.

कामावर परतला, तर गेटवरचं हजेरीचं मशीन त्याचा चेहराच ओळखेना. त्याने काच पुसली, हनुवटी आत ओढून पाहिली. छे!

गेटवरचा सोनबा गावातलाच, जुना खट. "कार्ड ज्योतीरामचं, थोबाड दुसऱ्याचं! भावाच्या जागी आलास व्हय?"

"अहो सोनबा, मीच तो! ऑपरेशन झालंय."

"मग घोरून दाव. आमचा ज्योतीराम त्या बाकावर बसला की चहा येईस्तवर घोरतोय."

ज्योतीराम बसला. आज आत गेलो नाही तर पॅकिंगचं कामही जाणार, या धास्तीने त्याने डोळे मिटून घोरून दाखवलं.

"ह्यो नकली हाय," सोनबा म्हणाला.

चहा आला. बधिर ओठातून निम्मा शर्टावर सांडला. खरंच घोरता यावं म्हणून त्याने पुन्हा डोळे मिटले. पाळी सुरू झाली, पण झोप काही येईना.

जयमाला मॅडम गेटवर आल्या. "हे कोण?"

"ज्योतीराम म्हणतोय, पर खोटं हाय मॅडम. तासभर बाकावर बसलाय, एक जांभई न्हाई!"

"तासभर?" मॅडमनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "ज्योतीराम, उद्या फोर्कलिफ्टची चाचणी द्या. जमली तर चावी तुमची."

ज्योतीरामला हुंदकाच फुटला.

"आरं, रडतोस कशापायी?" सोनबा खेकसला. "तोंड पूस आधी. मशीन तुला आणखीच वळखायचं न्हाई!"