साहेबांच्या मागून गेलेली माणसं

अनय, ईरा,

तुमचे आजोबा काश्मीरमध्ये एका बटालियनचे कमांडिंग ऑफिसर होते, तेव्हा मी त्याच खोऱ्यातल्या फील्ड हॉस्पिटलमध्ये नर्सिंग ऑफिसर होते, हुद्दा कॅप्टन. सकाळी राउंड, दुपारी ड्रेसिंग, संध्याकाळी रिपोर्ट. त्यात फारसा बदल होत नसे.

एका पहाटे वरच्या चौकीवर गोळीबार सुरू झाला. पुढची प्लाटून दगडांआड अडकली. शेजारच्या तंबूतल्या रेडिओ सेटवर मी आजोबांचा आवाज ऐकला.

"घाग, मी पुढे निघालोय. माझ्या मागून या. ओव्हर."

"येतो, साहेब. आउट."

चौकी आपल्या हातात राहिली. तीन जवान परत आले नाहीत. प्लाटूनचे नायब सुभेदार घाग, आपल्या लांज्याचे, मांडीत गोळी घेऊन माझ्या टेबलावर आले. स्वतः गेल्याशिवाय आजोबांनी कुठल्याही जवानाला कुठे पाठवलं नाही. बटालियन त्यांच्यावर विसंबायची ती यामुळेच.

निवृत्तीनंतर आम्ही रत्नागिरीला आलो. एका खासगी फायनान्स कंपनीने त्यांना संचालक केलं. कंपनीला त्यांचा हुद्दा हवा होता, त्यांना काम. त्यांनी आधी स्वतःची सगळी पुंजी तिथे ठेवली. मग बटालियनच्या स्नेहमेळाव्यात तसं सांगितलं.

घाग हसले. "डोंगर नाय ना चढायचा, साहेब? गुडघे गेले."

"नाही रे. फक्त सही करायची."

सगळ्यांनी निवृत्तीचे पैसे त्या कंपनीत ठेवले; कोणी कागद वाचले नाहीत. साहेब स्वतः पुढे गेलेत, एवढं त्यांना पुरे होतं. डोंगरावर पुढे जाणाऱ्याला समोरचं दिसतं. इथे आजोबांनाही काही दिसत नव्हतं.

पुढे कंपनी बुडाली. मालक देश सोडून गेला. एका रविवारी पैसे बुडालेली बटालियनची माणसं आमच्याकडे आली. मला वाटलं, आज शिव्या ऐकाव्या लागणार. ती अंगणात ओळीने उभी राहिली. घागांनी सॅल्यूट केला.

"साहेब, आता आमी काय करायचा?"

आजोबा पायरी उतरून त्यांच्यासमोर आले. "मला माहीत नाही, घाग."

"ठीक आहे, साहेब."

सगळी परत गेली.

घागांनी लांज्यातल्या काजूच्या कारखान्यात वॉचमनची नोकरी धरली. मे महिन्यातल्या एका दुपारी ते गेटवर कोसळले, ते उठलेच नाहीत. आम्ही गेलो तेव्हा त्यांची बायको सुनंदा पडवीत बसली होती.

"साहेब, तेनी मरेस्तोवर तुमाला बोल नाय लावला," ती म्हणाली. "लावला असता तर मला बरा वाटला असता."

त्यानंतर आजोबा बटालियनच्या कुठल्याच कार्यक्रमाला गेले नाहीत. तुमचा व्हिडिओ कॉल आला की मोठ्या आवाजात बोलतात. तो संपला की अंगणात जाऊन एकटेच बसतात.

बटालियनच्या स्मारकावर त्या पहाटेची तीन नावं आहेत: शिपाई मोरे, शिपाई खोत, लान्स नाईक मुकादम. पुढे सुभेदार झालेल्या तुकाराम घाग यांचं नाव तिथे येणार नाही; ते निवृत्त होते. मी त्यांना चौथे धरते. आजोबा कसे धरतात, हे विचारायचं धैर्य मला अजून झालेलं नाही.