सुर्वेतात्यांचा अर्ज

दाराची बेल वाजली की सुर्वेतात्या दार उघडत नसत. मागच्या दाराने बाहेर पडायचे, घराला वळसा घालायचे आणि पाहुण्याच्या पाठीमागे येऊन उभे राहायचे. भाट्याच्या रस्त्याला त्यांच्या शेजारी आम्ही नवे राहायला आलो, तेव्हा मी विरजण मागायला गेले होते. मानेमागून आवाज आला, "कोणी पाठवलंन तुला?"

तात्या वजनमापे निरीक्षक होते. जिल्ह्यातल्या बाजारांमधले तराजू तपासण्यात त्यांची सारी नोकरी सरली. "माल नंतर. रिकाम्या तराजूचा काटा कुठे थांबतो ते आधी बघायचं," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. निवृत्तीनंतर तपासायला तराजू उरले नाहीत, मग ते माणसं तपासू लागले. दूधवाला, मीटर बघायला येणारा, मीसुद्धा. काकू होत्या तोवर त्या हसून सावरून घेत. त्या गेल्यावर तात्या एकटेच राहिले. एकुलती मुलगी वैशाली मस्कतला. जावई संदेश याने त्यांना लॅपटॉप पाठवला, म्हणजे दर रविवारी मुलीला बघून बोलता येईल. तात्यांना त्यातही काळंबेरं दिसलं. "फुकट दिलान म्हणजे त्यात काहीतरी असणारच गो."

एका सोमवारी सकाळी ते स्वतः माझ्याकडे आले. हातात फुलस्केप कागद होता. मी कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेत कामाला, पण त्यांना माझ्याकडून शुद्धलेखन तपासून हवं होतं. मस्कतमधल्या आपल्या वकिलातीला जावयाविरुद्ध लिहिलेला अर्ज होता तो. "सदर इसम माझ्या कन्येस माझ्याशी बोलू देत नाही, सबब चौकशी व्हावी."

मला धक्काच बसला. "तात्या, असं काय झालं?"

"तीन रविवार झाले. ती समोर दिसते, ओठ हलतात, आवाज नाय. तो मागे उभा असतो. काल त्याचा फोन आला, 'तात्या, तुम्ही बोलत का नाही?' मी म्हटलं, तिला दे. तर म्हणाला, ती आत रडत्येय. आता सांग!"

क्षणभर मलाही त्या संदेशबद्दल शंका आली. तरी म्हटलं, "अर्ज पाठवण्याआधी लॅपटॉप बघू द्या."

"यंत्राला काय धाड भरल्येय?" असं म्हणत त्यांनी मला घरी नेलं. मी काय काय दाबते ते टिपायला तात्या वही घेऊन शेजारी बसले. मी आधी एक गाणं लावून पाहिलं. काही नाही. आवाज पूर्ण वाढवला. तरी नाही.

"तात्या, यात आत्ता जावई कुठे आहे? हे गाणंसुद्धा मुकंच आहे."

त्यांनी वहीतून मान वर केली. पडद्याच्या कोपऱ्यात स्पीकरऐवजी हेडफोनचं चित्र दिसत होतं. "हेडफोन लावलाय असं समजतंय हे, म्हणून आवाजही तिकडेच जातोय आणि माइकही तिकडचाच धरतोय," मी म्हटलं. "पण लावलेला तर काहीच दिसत नाही."

तात्यांनी वही मिटली. मग हळूच म्हणाले, "लावलाय. मीच."

लॅपटॉप माणसांचं बोलणं चोरून ऐकतात, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून जुन्या इअरफोनची पिन वायरीपासून कापून, घासून त्यांनी लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात बसवली होती. इतकी आत की बाहेरून दिसूच नये. "मला वाटलं, चोरून ऐकणाऱ्याचं बंद होईल. आपल्या माणसाचं कशाला होईल?"

चिमट्याने ओढून ती पिन निघेपर्यंत आम्हा दोघांना घाम फुटला. निघाली आणि गाणं एकदम खोलीभर झालं. तात्यांनी ते बंद करायला लावलं आणि लॅपटॉपवरूनच वैशालीला फोन लावला.

ती समोर आली. तात्यांनी "वैशू" म्हटलं आणि ती रडायलाच लागली. "आईच्या वर्षश्राद्धाला आले नाही म्हणून बोलणं टाकलंत ना माझ्याशी? मी दर रविवारी तेच विचारत होते तुम्हाला."

तात्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. मग म्हणाले, "संदेशला बोलव."

मी उठू लागले, तर मला हाताने बसवलंन. साक्षीदार हवा असावा. संदेश आल्यावर त्यांनी तो अर्ज उलगडला आणि पहिल्या ओळीपासून खालच्या सहीपर्यंत त्याला वाचून दाखवला. एक शब्द गाळला नाही. "हे मी तुमच्याविरुद्ध लिहिलं होतं. आवाज मी बंद केला होता. चूक माझी."

मग संदेशने विचारलं, "तात्या, सदर इसम म्हणजे मी का?" आणि वैशाली रडता रडता हसली.

तात्यांचा स्वभाव काही पालटला नाही. दूधवाल्याला ते पुढेही छळत राहिले. फक्त मनात काही आलं की आता त्या माणसालाच विचारून मोकळे होत.

गेल्या वर्षी ते हॉस्पिटलात होते. गोळी दिली की पाकीट मागून घ्यायचे, नाव वाचायचे, तारीख बघायचे, नर्स वैतागायच्या. शेवटच्या आठवड्यात वैशाली आणि संदेश आले. त्या दुपारी मी तिथे होते. संदेशने तळहातावर गोळी धरली. तात्यांनी गोळीकडे पाहिलंही नाही. तोंड उघडलंन.