रेघेतली मोकळी जागा

बायको गेली त्याच्या आदल्या सकाळी आमी दोघांनी विहिरीचं पाणी मापलं. मी टेप सोडून आकडा ओरडायचो, ती फोनवर कॉलेजात सांगायची; तिथं गावच्या पाण्याची नोंद ठेवत. तिच्यामागं मापणं बंद पडलं.

मंग कॉलेजातली एक पोरगी आली. नाव मी इचारलं नाही. ओट्यावर बसून लॅपटॉपवर काहीबाही लिहीत होती.

"चित्र काढून राह्यली का चिठ्ठी लिहून राह्यली?"

"तुमच्या विहिरीचे आकडे लिहिले की चित्र आपोआप येतं, आजोबा. पुस्तकात छापायचं आहे."

तिनं बटन दाबलं. आमच्या विहिरीचं पाणी निळी रेघ होऊन पडद्यावर हललं, झोपेत दिसावं तसं. मान तिरपी करून ती पाहे, एखादा शब्द बदले, की रेघ आणखी बारीक होये.

रेघ मधीच थांबली होती.

"पुढं ओढ ना, पोरी. वंगाळ दिसते."

तिनं केस कानामागं सारले. "मापलं नाही तिथं रेघ ओढत नसतात. तुम्ही पुन्हा मापलं, तर जागा मोकळी सोडून रेघ पुढं चालू होईल."

"म्हणजे ती गेली थे पुस्तकात दिसन?"

"दिसेल, आजोबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेप सोडला. सवयीनं आकडा ओरडलो. मंग कॉलेजात फोन मीच लावला.