मी सासूबाईंना सिंहासनावर बसवलं

सासूबाई पहिल्या बाकावर बसलेल्या असताना, "प्रत्येक अधिकारी देवाने नेमलेला असतो, तो अन्यायी असला तरी त्याच्या आज्ञेत राहावं," असा बायबलमधला संदेश चर्चच्या भर महिला सभेत देणाऱ्या सुनेला काय म्हणावं? मी दिला. चांगला अर्धा तास दिला. कडक इस्त्रीची साडी, आणि आवाज असा की हे वचन ज्याच्या राज्यात लिहिलं गेलं तो रोमचा बादशहा जणू आमच्या खडकीच्या क्वार्टर्समध्येच राहत होता.

तेव्हा ऑफिसांत नुकते कॉम्प्युटर येत होते. मी टायपिस्ट. साहेबांनी बजावलं होतं, कॉम्प्युटर शिका, नाहीतर टाइपरायटरबरोबर तुम्हीही अडगळीत. क्लास सदाशिव पेठेत, संध्याकाळी. आणि आमच्या घरची प्रार्थना सातच्या ठोक्याला, सगळ्यांनी हजर. सासूबाई "बघू" म्हणाल्या होत्या.

सभा सुटल्यावर रस्त्यातच त्या म्हणाल्या, "छान बोललीस गं. क्लासचं काही जमायचं नाही."

"अहो आई, माझी नोकरी जाईल!"

"अन्यायी असला तरी. तूच म्हणालीस."

मग मी आज्ञा पाळली. म्हणजे कशी, तर भाकरी थापताना शेजारी ऐकू जातील असे उसासे टाकत. एका संध्याकाळी तर मोठ्याने प्रार्थना केली, "प्रभू, फारो राजाचं कठोर मन मऊ कर."

सासूबाईंनी एक डोळा उघडला. "नाव घे की. देवाला कळू दे कोणाबद्दल चाललंय."

नवऱ्याने तोडगा काढला, "ऑफिसात जादा काम आहे म्हणून सांग आणि जा." मला तो पटलाही होता. पण आधी आमच्या चर्चच्या पाळकबाईंना विचारायला गेले. त्या मेथी निवडत होत्या.

"संदेश अर्धाच दिलात, बाई," त्या म्हणाल्या. "अधिकार कोणी दिला ते सांगितलंत. अधिकाऱ्याच्या वर कोण बसलाय, ते राहिलं. इजिप्तच्या राजाने सुइणींना मुलगे मारायला सांगितलं, ऐकलं का त्यांनी?"

"म्हणजे मी गेले तर चालेल?"

"सासूबाई म्हणजे काही फारो नव्हेत. राग काढायला जाणार असाल तर घरीच बसा. देवाने दिलेलं काम राखायला जात असाल, तर तोंडावर सांगून जा. आणि मग काय बोलणी बसतील ती सोसा."

दुसऱ्या दिवशी चहा देतानाच सांगून टाकलं, "आई, मी आज क्लासला जाणार. तुमचा मान आहेच, पण नोकरी सोडणार नाही. रागवायचं तेवढं रागवा." त्या बशीतल्या चहावर फुंकर मारत राहिल्या.

क्लासमध्ये मी माउस हातात उचलून पडद्यासमोर धरला. सगळे हसले. पण एक बटण दाबलं की चूक नाहीशी! पांढरी शाई नको, खाडाखोड नको. मी इतकी हरखले की मुद्दाम चुका करत बसले.

घरी पोचले तर सगळे ताटकळत बसलेले. प्रार्थना झालेली नव्हती. सासूबाई पवित्र शास्त्र मांडीवर घेऊन माझ्याकडे बघत होत्या. मी दारातच उभी राहिले.

त्या म्हणाल्या, "उभी काय राहिलीस? हातपाय धू. पुन्हा विचारलं असतंस तर मी नाहीच म्हटलं असतं, मी काही बदललेली नाही. पण देव सातलाच घरी असतो, असं कुठं सापडेना, दुपारभर शोधलं. उद्यापासून प्रार्थना तू आल्यावर. जेवण मात्र आधी, मला भूक सोसत नाही."