तीन टिंबं, एक रेघ

आमच्या पंचवटीतल्या सुलाबाई परीट धुवायच्या कपड्यांवर बिब्ब्याने खूण घालत. प्रत्येक घराची वेगळी, पाण्याने न जाणारी. घराचं नाव काढा, खूण तोंडावर. पण खूण दाखवून घर विचारलंत की बाईंची गाडी अडलीच. मग त्या पहिल्या दारापासून आपला सगळा फेरा मनातल्या मनात चालू लागत आणि खूण जुळली की थांबत. मध्ये कुणी घाई केली की पुन्हा पहिल्या दारापासून!

ऐंशी सालच्या सिंहस्थात गर्दीत चुकलेली एक चिमुरडी हवालदाराने त्यांच्याकडे आणली. तिला नाव सांगता येईना, रडता तेवढं येई. झग्याच्या कॉलरीत मात्र तीन टिंबं आणि एक रेघ होती. बाई पुटपुटत निघाल्या आणि सुरुवातीच्याच एका दाराशी थांबल्या. वत्सलाबाईंचं घर. पोरीला कडेवर घेऊन त्या तडक तिथे गेल्या.

वत्सलाबाई म्हणाल्या, खूण आमचीच, पण ही पोर मी कधी पाहिलेली नाही. हवालदार वैतागला. पोर भेदरून सुलाबाईंना बिलगली, तशी बाईंना स्वतःचाच राग आला. जुळलं तिथेच आपण थांबलो, फेरा पुरा केलाच नाही. त्या उंबऱ्याशी बसून पुढची दारं आठवू लागल्या. मनाने गंगेपलीकडे, म्हणजे गोदावरीच्या पल्याड पोचल्या आणि तिथल्या एका दाराशी पुन्हा तीच खूण जुळली.

पलीकडे वत्सलाबाईंची मुलगी यशोदा राहत होती. मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून आईने तिच्याशी बोलणं टाकलं होतं. लग्नानंतर कपड्यांचं पहिलं गाठोडं देताना यशोदाने हट्ट धरला होता, माहेरचीच खूण घाला. बाईंनी नियम मोडून ती घातली आणि कुणाला सांगितलं नाही.

"खूण तुमची हाय," सुलाबाई म्हणाल्या, "अन् पोर बी तुमचीच हाय. यशोदाची."

वत्सलाबाईंनी हात पुढे केले. पोर काही त्यांच्याकडे जाईना. शेवटी सुलाबाईंच्या कडेवर ती, आणि शेजारी तिच्या झग्याचं टोक धरून आजी, अशा तिघी पूल ओलांडून गेल्या. दार यशोदाने उघडलं. रडून डोळे सुजलेले. आधी तिला लेक दिसली, मग आई.

पुढे दोन्ही घरांचे कपडे एकाच गाठोड्यात येऊ लागले. कुठलं लुगडं कुणाचं, म्हणून बाई रोज कुरकुरत. मी एकदा म्हटलं, एका घराची खूण बदलून टाका की.

"कशाला?" त्या म्हणाल्या. "चुकलं तर आईचं लेकीकडं जाईल. जाऊ दे."